झिंग आणि तालीम : 'ड्रंकन मास्टर' या चित्रपटातील विनोदाचे स्वरूप

१

मराठीत 'तालीम' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. पहिलवान अंग कमावतात ती जागाही तालीम आणि नट नाटक बसवतात ती प्रक्रियाही तालीमच. शब्दाच्या या दुहेरीपणात एक मार्मिक जाण दडलेली आहे. झुंज आणि नाट्य हे दोन्ही व्यवहार शरीराच्या दीर्घ, कंटाळवाण्या आणि बहुधा वेदनादायक पुनरावृत्तीवर उभे असतात. आणि प्रत्यक्ष आखाड्यात किंवा रंगमंचावर उतरल्यावर ही पुनरावृत्ती दिसू न देणे यातच दोहोंचे यश मानले जाते. हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीत १९७८ साली निर्माण झालेला 'ड्रंकन मास्टर' हा चित्रपट या दोन तालमींच्या सीमारेषेवर उभा आहे. त्याच्या मूळ चिनी शीर्षकाचा अर्थ 'झिंगलेली मूठ' असा होतो. शीर्षकातच विरोधाभास आहे. मूठ वळायची तर शुद्ध हवी आणि झिंग तर शुद्ध हरपल्याची खूण. या विरोधाभासातून निर्माण होणारे हास्य नेमके कशावर चालते, हा येथे विचाराचा विषय आहे.

कुंगफूपटांचा, त्यातही विनोदी कुंगफूपटांचा, विचार गंभीर समीक्षेत सहसा होत नाही. हाणामारी आणि हसवणूक या दोन्ही गोष्टी रंजनाच्या कप्प्यात टाकल्या की त्यांच्या घाटाचा आणि त्यांत अनुस्यूत असलेल्या मूल्यव्यूहाचा प्रश्न आपोआप बाद होतो. चित्रपटाच्या आशयाची चर्चा करताना कथासूत्र, व्यक्तिरेखा, संवाद यांवर भर देण्याची सवयही याला कारण आहे. 'ड्रंकन मास्टर'चे कथासूत्र चार वाक्यांत सांगून होते आणि त्यात विशेष असे काही उरत नाही. या चित्रपटाची संहिता कागदावर नाही; ती शरीरावर लिहिलेली आहे. म्हणून त्याचे वाचन करायचे तर नटांच्या शरीरांचे, त्या शरीरांच्या इतिहासाचे आणि त्यांना दाखवणाऱ्या दृश्यरचनेचे वाचन करावे लागते.

२

ब्रूस ली यांचा मृत्यू २० जुलै १९७३ रोजी झाला. त्यांच्या पश्चात हाँगकाँगच्या निर्मात्यांनी त्यांच्या प्रतिरूपांचा शोध सुरू केला. या शोधात सापडलेल्या तरुणांपैकी एक म्हणजे जॅकी चॅन. निर्माते-दिग्दर्शक लो वेइ यांनी त्यांना 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७६) या चित्रपटात ब्रूस ली यांच्या जागी उभे करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, आणि फसणे स्वाभाविकच होते. ब्रूस ली यांच्या अभिनयाचा स्थायीभाव क्रोध हा होता. अपमानित राष्ट्राचा राग एका ताणलेल्या, तेलकट, पिळदार शरीरात एकवटून तो एका फटक्यात मोकळा करणे ही त्यांची शैली. चॅन यांच्या चेहऱ्याला हा क्रोध पेलत नव्हता. त्यांचे शरीर चपळ होते, लवचिक होते, पण ते राग धरून ठेवणारे नव्हते.

१९७८ मध्ये इंग सी-युएन यांच्या सीझनल फिल्म कॉर्पोरेशनने चॅन यांना दोन चित्रपटांसाठी उसने घेतले. दोहोंचे दिग्दर्शन युएन वू-पिंग यांनी केले. पहिला 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि दुसरा 'ड्रंकन मास्टर'. दोहोंतही तीच त्रयी आहे. शिष्य म्हणून चोवीस वर्षांचे जॅकी चॅन, गुरू म्हणून पासष्टी ओलांडलेले युएन सिउ-तिएन आणि प्रतिपक्षी म्हणून कोरियन तायक्वांदोपटू ह्वांग जांग-ली. मात्र पहिल्या चित्रपटात नायक हा कोणीही नसलेला एक अनाथ पोरगा आहे, तर दुसऱ्यात तो वाँग फेइ-हुंग आहे. हा फरक केवळ नावाचा नाही.

वाँग फेइ-हुंग ही ऐतिहासिक व्यक्ती. १८४७ मध्ये जन्मलेला आणि १९२०च्या दशकात निधन पावलेला हा ग्वांगडोंग प्रांतातील युद्धकलाविशारद हाडवैद्य म्हणूनही ख्यात होता. त्याच्याभोवती दंतकथा जमत गेल्या आणि १९४९ पासून क्वान तक-हिंग या ऑपेरा-नटाने सत्तरहून अधिक चित्रपटांत त्याची भूमिका केली. या दीर्घ मालिकेने वाँग फेइ-हुंगला कन्फ्यूशियन सदाचाराची मूर्ती बनवले. संयमी, क्षमाशील, वडीलधारा, नाइलाज झाल्यावरच हात उचलणारा असा हा पुरुष कँटनी प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांना आजोबांइतका परिचित झाला. 'ड्रंकन मास्टर' या मूर्तीचे तारुण्य दाखवतो. तरुण फेइ-हुंग आळशी आहे, वात्रट आहे, मारामाऱ्या उकरून काढतो, मित्रांशी पैज लावून भर बाजारात एका मुलीच्या गळ्यात पडतो, आणि खिशात पैसे नसताना खाणावळीत यथेच्छ जेवतो. ज्याला लोकांनी बहुधा वडीलधारा म्हणूनच पाहिले होते त्याला अशा अवतारात पाहताना मूळ प्रेक्षकाला जो धक्का बसला असेल, तोच या विनोदाचा पहिला थर होय.

हा थर परदेशी प्रेक्षकापर्यंत पोहोचला नाही. इंग्रजी ध्वनिमुद्रणात नायकाचे नाव 'फ्रेडी' असे झाले आणि नावाबरोबर त्याचा भविष्यकाळही पुसला गेला. उरला तो एक द्वाड मुलगा. मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. दहीलोणी चोरणारा, गौळणींच्या वाटा अडवणारा कृष्ण ज्याच्या संस्कारात आहे त्याला पूज्य पुरुषाच्या बाळलीलांचे नवल वाटत नाही. येथे खोडी हाच देवत्वाचा पुरावा असतो. कन्फ्यूशियन चौकटीत तसे नाही. तेथे पित्याची अवज्ञा करणारा पुत्र ही लीला नसून दोष आहे. म्हणून त्या दोषातूनच सदाचाराची मूर्ती घडली असे सुचवणे हे तेथे खरोखरीच धाडस ठरते.

३

भरताने चार मूळ रस मानले आणि त्यांपैकी शृंगारापासून हास्याची आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली. वीर आणि हास्य यांचा थेट जन्यजनक संबंध या मांडणीत नाही. अभिनवगुप्ताने मात्र हास्याची व्याप्ती वाढवली. कोणत्याही रसाचा अनुचित आभास हास्याला कारण होऊ शकतो, अशी त्याची भूमिका आहे. या दृष्टीने पाहता 'ड्रंकन मास्टर'च्या पूर्वार्धातील विनोदाचा उलगडा सहज होतो. डीन शेक यांनी रंगवलेला दुय्यम शिक्षक हा वीराभासाचा नमुना आहे. त्याचे पवित्रे भारदस्त, चेहरा गंभीर आणि कौशल्य शून्य. वीराचे सर्व अनुभाव आहेत, पण स्थायीभाव नाही. म्हणून हसू येते.

परंतु चित्रपटाचा मुख्य विनोद या सूत्रात बसत नाही. मद्यपी मुष्टियुद्धात जे घडते ते याच्या नेमके उलट आहे. झोकांड्या, तोल जाणे, डोळे मिटणे, हातातला काल्पनिक पेला सांभाळणे हे सारे अनुभाव हास्याचे आहेत; पण त्यांच्या आत उत्साह, सावधपणा आणि अचूकता आहे. बाहेरून हास्य आणि आतून वीर. वीराभासाने हास्य निर्माण होते, तर येथे हास्याचे सोंग घेऊन वीर अवतरतो. या सोंगाला फसणारा जो प्रेक्षक आहे तो चित्रपटगृहात नसून पडद्यावरच आहे. तो म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धी. झिंगलेल्याला सहज लोळवू असे त्याला वाटते आणि तो पुढे सरसावतो. पडद्याबाहेरच्या प्रेक्षकाला मात्र सोंग हे सोंग असल्याचे ठाऊक असते. दोन प्रेक्षकांमधील ज्ञानाच्या या अंतरात हसू पिकते.

बर्गसाँने हास्याची मीमांसा करताना जिवंतावर चढलेल्या यांत्रिकतेचा सिद्धान्त मांडला होता. माणूस यंत्रासारखा वागू लागला की तो हास्यास्पद होतो. दारुड्याचे अडखळणे हे या सिद्धान्ताचे हुकमी उदाहरण वाटते. 'ड्रंकन मास्टर' हे उदाहरण उलटे करतो. या चित्रपटात यांत्रिक आहेत ते शुद्धीवरचे लोक. एक जण डोक्याने धडका मारतो आणि प्रत्येक वेळी डोक्यानेच मारतो. दुसरा काठीबहाद्दर, त्याची हुशारी काठीपाशी संपते. प्रत्येकाचे शरीर एकेका कौशल्यात गोठून गेलेले आहे. अडखळणारा तेवढा जिवंत आहे, कारण त्याचे पुढचे पाऊल कोठे पडेल हे ठरलेले नाही, निदान तसे भासते.

'भासते' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ही झिंग आठ मद्यपी देवतांच्या रूपांत वर्गीकृत झालेली आहे. ताओपरंपरेतील अष्ट अमरांपैकी प्रत्येकाची एक ढब, एक व्यंग, एक वस्तू आणि त्यानुसार एक पेच. लंगड्या ली तिएग्वाईचा जबरदस्त उजवा पाय, मद्याचा घडा कवेत धरणारा झोंगली छ्वान, बासरी धरणाऱ्या हान श्यांगझीची मनगटे, अशी ही मालिका आहे. ज्याला पाहणारा विस्कळीतपणा समजतो ती वस्तुतः एक काटेकोर शब्दकळा आहे. शरीराला आठ रूपे पाठ करावी लागतात तेव्हा कोठे ते पाठ नसल्यासारखे दिसते. चिनी युद्धकलेच्या प्रचलित शाखांतही मद्यपी मुष्टियुद्धाचा कलावंत प्रत्यक्ष मद्य घेत नाही; तो मद्यप्याचे अनुकरण करतो. चित्रपटाने मात्र नायकाच्या हाती खरोखरीचा घडा दिला आणि सोंग व वास्तव यांची सरमिसळ केली. ही सरमिसळ विनोदाला पोषक आहे, पण त्यामुळे एक प्रश्न झाकला जातो. शिस्तीतून सुटका हवी असलेल्या मुलाला मिळालेली ही झिंग मुक्ती आहे, की शिस्तीचेच सर्वांत कडक रूप?

४

या प्रश्नाचे उत्तर गुरूच्या व्यक्तिरेखेत शोधावे लागते. मुलाच्या उनाडपणाला कंटाळून वाँग केइ-यिंग हा पिता त्याला सो नावाच्या एका म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे ठरवतो. शिष्यांना लुळेपांगळे करून सोडणारा अशी सोची ख्याती. मुलगा पळून जातो आणि पळताना नेमका त्याच भिकाऱ्याच्या तावडीत सापडतो. तांबडे नाक, पिंजारलेले पांढरे केस, फाटके कपडे, कमरेला मद्याचा भोपळा. पाहताक्षणी विदूषक वाटावा असा हा गुरू आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, त्याच्या बरोबरीने वावरतो, पण त्याच्यावर सत्ता गाजवीत नाही. सो सत्ता गाजवतो. विदूषकाचे रूप आणि गुरूची दंडशक्ती यांचा हा संयोग हे या चित्रपटाचे सर्वांत मौलिक निर्माण आहे.

ती भूमिका करणाऱ्या युएन सिउ-तिएन यांचा जन्म १९१२ चा. पेकिंग ऑपेराच्या शिक्षणात घडलेला हा नट हाँगकाँगच्या चित्रपटांत अनेक दशके दुय्यम भूमिका आणि झुंजींची रचना करीत राहिला. क्वान तक-हिंग यांच्या वाँग फेइ-हुंग मालिकेशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे ज्या मूर्तीचे विडंबन 'ड्रंकन मास्टर' करतो, ती घडवणाऱ्या कारखान्यातला हा एक जुना कामगार. दिग्दर्शक युएन वू-पिंग हे त्यांचे पुत्र, आणि त्यांचे पहिले शिक्षणही पित्याच्याच हाताखाली झालेले. पुत्र पित्याला पडद्यावर गुरू म्हणून उभा करतो, त्याच्याकडून दुसऱ्याच्या मुलाला शिक्षा देववतो, आणि त्या शिक्षेला हसण्याजोगे करतो. कथेतील पिता-पुत्र संघर्षामागे चित्रीकरणस्थळावरील हा दुसरा पिता-पुत्र संबंध उभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे चित्रपटातील हास्याला एक वेगळी खोली प्राप्त होते.

युएन सिउ-तिएन यांचे वय पाहता अवघड उड्या आणि कोलांट्या त्यांनी स्वतः केलेल्या नाहीत. त्यासाठी बदली कलावंत वापरलेला आहे. जवळून दिसणारा चेहरा वृद्धाचा आणि दुरून किंवा पाठमोरे दिसणारे शरीर तरुणाचे. कुंगफूपटात शरीराच्या सच्चेपणाला जे मोल दिले जाते ते पाहता ही बाब उणेपणाची मानली जाईल. परंतु येथे तिच्यातून एक अनपेक्षित अर्थ निष्पन्न होतो. गुरूचे शरीर हे एका व्यक्तीचे नाहीच. वृद्धाची जाण आणि तरुणाचे स्नायू मिळून ते बनलेले आहे. परंपरा नावाची गोष्ट याहून निराळी नसते. तिचा चेहरा जुना असतो आणि तिचे श्रम नेहमीच कोणा तरुणाला करावे लागतात, तेही बहुधा नाव न लागता.

दिग्दर्शकाची दृश्यरचना या श्रमांना न्याय देणारी आहे. झुंजीच्या वेळी कॅमेरा पुरेशा अंतरावर राहतो; दोन्ही शरीरे नखशिखान्त चौकटीत ठेवली जातात, आणि एका चित्रणखंडात अनेक घाव-प्रतिघात पुरे होतात. त्यामुळे लय संकलनाच्या मेजावर नव्हे, तर नटांच्या अंगात निर्माण होते. तालमीच्या दृश्यांत हेच अंतर कसोटीचे ठरते. चॅन यांना उलटे टांगलेले आहे. खालच्या बादलीतले पाणी इवल्याशा पेल्याने भरून, पोटाच्या बळावर वर वाकून, ते पायांजवळच्या पिंपात ओतायचे. बाख्तिनने ज्या उलट्या जगाला उत्सवी हास्याचे मर्म मानले, ते येथे अक्षरशः उलटे आहे. पण या उलट्या जगात राजा खाली आणि भिकारी वर, एवढाच बदल होत नाही. भिकारी खरोखरीच राजा होतो आणि राजाप्रमाणे कष्ट करवून घेतो. पडद्यावर जी वेदना दिसते ती अभिनीत नाही. तो नट खरोखरीच वर वाकतो आहे. प्रेक्षक हसतो तेव्हा तो कशाला हसतो, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

त्याच वर्षी लाउ कार-लेउंग यांचा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हा चित्रपट आला. तोही तालमीचाच चित्रपट. तेथे मठातील एकेक दालन पार करीत नायक आध्यात्मिक परिपक्वतेकडे जातो आणि वेदनेला तपश्चर्येचा अर्थ लाभतो. 'ड्रंकन मास्टर'मध्ये वेदनेला असा कोणताही उदात्त अर्थ दिलेला नाही. गुरू मद्य पीत बसलेला आहे आणि शिष्य घाम गाळतो आहे, इतकेच. या अर्थाने हा विनोदी चित्रपट त्या गंभीर चित्रपटापेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो. शिकणे दुखते, आणि त्या दुखण्यामागे दरवेळी तत्त्वज्ञान असतेच असे नाही, हे तो लपवीत नाही.

५

या प्रामाणिकपणाला एक चरित्रात्मक आधार आहे. चॅन यांचे बालपण हाँगकाँगमधील चायना ड्रामा अकॅडमी या पेकिंग ऑपेराच्या शाळेत गेले. यू जिम-युएन हे तेथील गुरू. सॅमो हुंग आणि युएन बिआओ हेही तेथलेच. शिष्य गुरूच्या नावातील 'युएन' हे अक्षर आपल्या रंगनामात धारण करीत. दिग्दर्शकाचे कुलनाम असलेले 'युएन' हे चिनी लिपीत निराळे अक्षर आहे. सुमारे दहा वर्षांच्या या शिक्षणात मार, उपास आणि तासन्‌तास उलटे उभे राहणे यांचा भाग किती मोठा होता, याचे वर्णन चॅन यांनी आपल्या आत्मचरित्रात (१९९८) केले आहे. १९८८ मध्ये या शाळेवर 'पेन्टेड फेसेस' नावाचा चित्रपट निघाला. त्यात गुरूची भूमिका सॅमो हुंग यांनी केली. माराखालून गेलेला शिष्य मारणाऱ्या गुरूचे सोंग घेतो आणि ते ममतेने रंगवतो, ही घटना या साऱ्या परंपरेची गुंतागुंत सांगण्यास पुरेशी आहे. हे विद्यार्थी शिकून बाहेर पडले तेव्हा ऑपेराचा प्रेक्षक ओसरला होता. कमावलेले शरीर होते, पण त्याला रंगमंच नव्हता. चित्रपटातील झुंजींनी ती उणीव भरून काढली. 'ड्रंकन मास्टर'मधील झिंग ही या अर्थाने एका मावळत्या रंगभूमीची नव्या माध्यमात झालेली पुनर्वसाहत आहे.

परंतु ऋण मान्य करणे निराळे आणि क्रौर्याचे समर्थन करणे निराळे. चित्रपट या दोहोंतील रेषा कोठे आखतो? कथानकात शिष्य दोनदा पळतो. दुसऱ्या खेपेस त्याची गाठ यिम तित-सम या भाडोत्री मारेकऱ्याशी पडते. ह्वांग जांग-ली यांनी ही भूमिका विनोदाचा लवलेश न ठेवता केली आहे. त्यांच्या लाथा सरळ, मोजक्या आणि निर्विकार असतात. दंतकथेतील वाँग फेइ-हुंग हा 'छायाहीन लाथे'साठी प्रसिद्ध. येथे मात्र लाथेचे सामर्थ्य खलनायकाकडे आहे आणि पुढे तो जे गुप्त अस्त्र काढतो तेही छायाहीन हाताचे. म्हणजे नायकाच्या भावी कीर्तीची सावली आधी शत्रूवर पडलेली आहे. यिमच्या हातून पुरता अपमानित झालेला मुलगा मुकाट्याने सोकडे परततो आणि मनापासून शिकू लागतो. येथे चित्रपटाने गुरूला सहज निर्दोष ठरवले आहे. बाहेरचे जग गुरूपेक्षा क्रूर आहे, म्हणून गुरूचे क्रौर्य हे प्रेम होय, हा तर्क घराघरांतून चालत आलेला आहे आणि तो तपासून पाहण्याची गरज या चित्रपटाला वाटलेली नाही. हास्यामुळे हा तर्क गिळणे सोपे जाते. या विनोदाची ही एक मर्यादा होय.

दुसरी मर्यादा आठव्या देवतेशी निगडित आहे. आठ अमरांपैकी हो श्यानगू ही स्त्री. तिची रूपे बायकी म्हणून फेइ-हुंग ती शिकण्याचे टाळतो. अखेरच्या झुंजीत सात देवता अपुऱ्या पडतात. लढाईत हस्तक्षेप न करण्याचे कबूल केलेला सो बाजूला उभा आहे. शिष्य आपली चूक कबूल करतो, आणि गुरू सांगतो की सातही एकत्र कर आणि आठवी तूच घडव. सबंध चित्रपटात गुरूने पाठांतराऐवजी निर्मितीची आज्ञा दिल्याचा हा एकमेव प्रसंग आहे. जे शिकलेले नाही तेथेच स्वातंत्र्याला जागा मिळते. अनुकरणातून निर्मितीकडे जाण्याचा हा क्षण कलाविचाराच्या दृष्टीने चित्रपटाचा कळसाध्याय आहे, आणि झिंग ही मुक्ती की शिस्त या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. शिस्तीतले एक रिकामे घर म्हणजे मुक्ती. पण ते घर रिकामे आहे हे कळण्यासाठी बाकीची सात भरलेली असावी लागतात.

मात्र हे रिकामे घर नायक कशाने भरतो? लाजणे, मुरडणे, नटणे-सजणे यांच्या आविर्भावांनी. चॅन यांची चपळाई येथे शिगेला पोहोचते आणि प्रेक्षागृह हसते, पण हे हसू स्त्रीत्वाच्या ठराविक संकेतांवर पोसलेले आहे. ज्या रंगपरंपरेतून हे नट आले तिच्यात पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका ही परम गांभीर्याची कला होती. मेइ लानफांग यांचे नाव त्यासाठी जगभर घेतले गेले. त्याच परंपरेत शस्त्र चालवणाऱ्या वीरांगनांच्या भूमिकांचा स्वतंत्र वर्ग आहे. इतकेच नव्हे, तर या चित्रपटाच्या आरंभीच, भर बाजारात, लिंडा लिन यिंग यांनी रंगवलेली एक प्रौढ स्त्री फेइ-हुंगला यथेच्छ बदडते. ती नात्याने त्याच्या घरातलीच वडीलधारी निघते आणि ज्या मुलीच्या गळ्यात तो पडला ती तिची मुलगी. त्या स्त्रीच्या झुंजीत मुरडणे नाही, लाजणे नाही. ताठ उभे राहून ती त्याला धडा शिकवते. आठव्या देवतेचा आदर्श चित्रपटाच्या हाताशी होता आणि तो चित्रपटाने विसरून टाकला. ज्या स्त्रीकडून मार खाल्ला तिच्यापासून नायक काहीच शिकला नाही, हे त्याच्या व्यक्तिरेखेला धरून असेल. पण ते न शिकणे चित्रपटालाही जाणवू नये, हा दोष कलाकृतीचा आहे.

६

'ड्रंकन मास्टर' ऑक्टोबर १९७८ मध्ये हाँगकाँगात प्रदर्शित झाला आणि त्याने सुमारे ६७ लाख हाँगकाँग डॉलरचा व्यवसाय केला. विनोदी कुंगफूपटाची सुरुवात त्याच्यापासून झाली असे मात्र म्हणता येत नाही. लाउ कार-लेउंग यांचा 'द स्पिरिच्युअल बॉक्सर' १९७५ मध्येच येऊन गेला होता आणि सॅमो हुंग हेही याच वाटेवर होते. पण पुढच्या काळाचा साचा ठरला तो याच चित्रपटाने. जानेवारी १९७९ मध्ये, प्रदर्शनानंतर अवघ्या काही महिन्यांत, युएन सिउ-तिएन यांचे निधन झाले. जन्मभर दुय्यम राहिलेल्या नटाला अखेरच्या वर्षात कीर्ती लाभली, तीही एका भिकाऱ्याच्या वेषात. त्यांचे पुत्र युएन वू-पिंग यांनी पुढे 'द मेट्रिक्स' (१९९९) आणि 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) या चित्रपटांतील झुंजींची रचना केली.

चॅन यांनी १९९४ मध्ये लाउ कार-लेउंग यांच्या दिग्दर्शनाखाली 'ड्रंकन मास्टर २' मध्ये पुन्हा वाँग फेइ-हुंग साकारला. लाउ यांचे पिता लाउ चाम हे वाँग फेइ-हुंगच्या प्रशिष्यांपैकी. म्हणजे हे दिग्दर्शक त्या युद्धपरंपरेचे प्रत्यक्ष वारस. दोघांचे पटले नाही, लाउ मध्येच बाजूला झाले आणि शेवटची झुंज चॅन यांनी स्वतः दिग्दर्शित केली. परंपरेचा वारस आणि परंपरेचे सोंग घेणारा नट यांच्यातला हा बेबनाव योगायोगाचा मानता येत नाही. एकाला डाव खरा हवा होता, दुसऱ्याला तो दिसायला हवा होता. तालीम या शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांसमोर उभे ठाकले. पहिल्या चित्रपटात ते एकाच शरीरात गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि हेच त्याचे वेगळेपण आहे.

म्हणून या चित्रपटाचे मूल्यमापन करताना त्याला निव्वळ रंजन म्हणून सोडून देणे जितके चूक, तितकेच त्याच्या हास्याला सरसकट मुक्तिदायी म्हणणेही चूक ठरेल. ते हास्य वडिलधाऱ्यांच्या मूर्तीला धक्का देते, पण वडिलधाऱ्यांच्या छडीला देत नाही. ते वीराला जमिनीवर आणते, पण स्त्रीला तेथे उभे राहू देत नाही. तरीही त्याच्या गाभ्यात एक गोष्ट खोटी नाही. तोल जाणाऱ्या प्रत्येक पावलामागे तोल सांभाळायला शिकलेली वर्षे उभी आहेत, आणि ती वर्षे कोणा मुलाची होती हे ते शरीर लपवू शकत नाही. झोकांडी खाणाऱ्या त्या तरुणाला पाहून येणारे हसू अर्ध्यावर क्षणभर अडखळते ते यामुळेच.